डोक्यावरची कळशी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पाळकांना नाही, लेकीला नाही. डोळे मिटून प्रार्थना करतानाही हा विषय मी वळसा घालून टाळत आलो. देवाला ठाऊक असतंच, मग सांगायचं कशाला, अशी माझी पळवाट होती. आता ऐंशी उलटली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं थोडं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तसं काही दिसत नाही. पहिल्याच परिच्छेदात अडखळतोय.

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती लोकांमध्ये एखाद्या जुन्या माणसाला विचारा, ‘कळशीवाले भाऊ’ कोण? तो माझ्याकडे बोट दाखवेल. मी कधी कळशी विकली नाही, बनवली नाही. भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. हे नाव मला एका साक्षीमुळे मिळालं.

आमच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. खाट भिंतीला उभी करायची, सतरंज्या घालायच्या, दोन गीतं, शास्त्रवाचन — आणि मग पाळक विचारतात, आज साक्ष कोण देणार? देवाने आपल्या रोजच्या जगण्यात काय केलं, ते उभं राहून चार माणसांत सांगायचं. कुणी दुखण्यातून उठलेला असतो, कुणाची दारू सुटलेली असते. मी मात्र नेमका त्याच वेळी चहाचं बघायला आत जायचो. सतरंज्या घालायला पुढे, साक्षीला मागे. कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आजोबा नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. मला श्रद्धा आडनावासारखी मिळाली, न मागता आणि न कमावता. आडनावाची कुणी साक्ष देतं का?

आणि मला पंच व्हायचं होतं. चर्चचा कारभार बघतात ते पंच. रविवारी पुढच्या बाकावर बसतात, प्रभुभोजनाची भाकर वाटताना पाळकांच्या बाजूला उभे राहतात. हसू नका. दिवसभर नटबोल्टच्या खोक्यांत बसणाऱ्या माणसाला तो पुढचा बाक फार मोठा वाटतो. पण ज्याची साक्षच नाही, त्याला पंच कोण करणार?

एका शुक्रवारी पाळकांनी मला आत जाताना पकडलं. म्हणाले, “भाऊ, चहा पळून जात नाही. आज तुम्ही.”

सगळे हसले. मी उभा राहिलो. आणि जे सांगितलं ते असं —

आम्हाला मुलगा झाला आणि महिना भरायच्या आत गेला. घरातलं बोलणं थांबलं. बायको खचली, म्हणून पहाटेचं पाणी मी भरू लागलो. चाळीतल्या मोरीत नळाखाली पिंप लावून बसायचो. झोप अशी लागायचीच नाही. एका पहाटे पिंपात धार पडत होती आणि माझ्या तोंडून गीत निघालं. आपण गातोय हे मला दोन कडवी झाल्यावर कळलं. आणि तेव्हा डोक्यावरची भरलेली कळशी कुणीतरी मागून येऊन अलगद उतरवून घ्यावी, तसं झालं. मान मोकळी झाली. मी तिथेच पिंपाला टेकून झोपलो. पिंप भरलं, वाहिलं, पाणी गॅलरीतून जिन्यावर गेलं, शेजारीपाजारी ओरडू लागले, आणि मी जागा झालो तो चिंब भिजलेला, हसत. बाळ गेल्यानंतरचं पहिलं हसू.

मी थांबलो. बायकांच्या बाजूने हुंदके आले. पाळकांनी मला मिठी मारली. पुढच्या निवडीत मी पंच झालो.

ती साक्ष माझी नव्हती. प्रमिलाची होती. माझ्या बायकोची.

बघा, लिहून झालं. एवढंसं वाक्य. आयुष्यभर त्याच्याभोवती फिरलो. पण इथेच थांबलो, तर तुम्हाला वाटेल की म्हाताऱ्याने जुनी फुशारकी मारली होती आणि आता कबूल करतोय, त्यात काय एवढं? मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. किंवा तसं वाटून घ्यायला आवडत होतं.

उभा राहिलो तेव्हा तिचंच सांगायचं मनात होतं, खरंच. ‘आम्हाला मुलगा झाला’ — इथवर ते दोघांचं होतं. मग बघितलं, सगळे माझ्याकडे बघत होते. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आणि पुढच्या वाक्यात मी प्रमिलाला उठवून तिच्या जागी जाऊन बसलो. मला कुणी ढकललं नव्हतं. जीभ घसरली, असंही म्हणणार नाही. ‘बायको खचली, म्हणून पाणी मी भरू लागलो’ हे वाक्य घसरलेल्या जिभेचं नसतं.

ती तिथेच होती. दाराजवळ, बायकांमध्ये, मांडीवर गीतांचं पुस्तक. मी तिच्याकडे बघितलं नाही. घरी जाताना अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, “कळशीचं लक्षात राहिलं तुमच्या.”

एवढंच. टोमणा होता? की खरंच बरं वाटलं होतं तिला? मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पुढे बोलावणी येऊ लागली. आज विक्रोळी, उद्या घाटकोपर, कधी अंबरनाथ. आवाज कुठे उतरवायचा, कुठे थांबायचं, हे मला जमू लागलं. ‘अलगद’ या शब्दाआधी मी श्वास घेऊन थांबायचो. त्या थांबण्यावर लोक रडायचे. घाटकोपरला एक माणूस सभेनंतर माझे हात धरून म्हणाला, भाऊ, तुमचं ऐकलं आणि किती दिवसांनी आज घरी जाऊन झोपावंसं वाटतंय. तो झोपला असेलही. प्रमिलाला जे मिळालं होतं ते खरंच होतं ना — ते माझ्या तोंडून गेलं तरी कुणाकुणापर्यंत पोचलं. माझ्यापर्यंत तेवढं ते पोचलं नाही. मी त्या सभांमधून घरी यायचो, पलंगावर पडायचो आणि छताकडे बघत राहायचो.

आणि ती? तिला त्यानंतर साक्ष उरली नाही. याचा विचार करा. स्त्रियांच्या सभेत एकदा तिला उभं केलं. ती काय सांगणार होती? तेच पिंप, तीच मोरी? नवऱ्याचीच गोष्ट पाठ करून आली, असं सगळ्या म्हणाल्या असत्या. ती म्हणाली, “माझं वेगळं काही नाही. यांचं ऐकलंयत ना तुम्ही?” आणि बसली. पुढच्या रविवारी पाळकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. बाई विश्वासात जरा थंड वाटतात, म्हणाल्या, तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करत चला.

मी म्हणालो, “करतो.”

हे ‘करतो’ मला अजून ऐकू येतं. जिच्या डोक्यावरची कळशी देवाने उतरवली, तिच्या थंड विश्वासासाठी मी प्रार्थना करणार होतो! ती गायची छान. चाळीतली पोरं तिच्याभोवती बसायची. संडेस्कूलला शिक्षिका हवी होती तेव्हा कुणीतरी तिचं नाव काढलं आणि कुणीतरी म्हणालं, त्यांना स्वतःचा अनुभव नाही. मी त्या बैठकीत होतो. पुढच्या बाकावरचा माणूस. मी गप्प बसलो.

एका व्यक्तीला मात्र सगळं ठाऊक होतं. समोरच्या खोलीतल्या परबवहिनी. मालवणच्या. नवरा गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करायचा, आणि वहिनी अख्ख्या मजल्याची खबर ठेवायच्या. आमचं बाळ गेलं तेव्हा चर्चच्या बायका येऊन प्रार्थना करून गेल्या. पेज करून प्रमिलाच्या तोंडाशी वाटी धरत बसल्या त्या परबवहिनी. आमच्या घरी प्रार्थनासभा असली की त्या दारात उभ्या राहून गीतं ऐकायच्या. “तुमची भजनां बरी असतत,” म्हणायच्या. एकदा कुणीतरी पाहुण्याने हट्ट केला आणि मी आमच्याच खोलीत ती साक्ष दिली. चहाच्या वेळी वहिनी दारातून म्हणाल्या —

“भावजी, तुमी कळशी कधी घेतलास हो डोक्यार?”

सगळे खळखळून हसले. शेजारणीने थट्टा केली असं वाटलं त्यांना. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. वहिनी हसत नव्हत्या. प्रमिला हातातल्या ट्रेमधले कप सारखे करत होती — सारखेच होते ते.

त्याच आठवड्यात मी प्रमिलाला म्हणालो, समोर जाणं-येणं जरा कमी कर. गणपतीत त्यांच्याकडे मोदक वळायला बसतेस, लोक बोलतात. पंचाच्या घरच्यांनी जपून राहायला हवं.

कुणीही बोलत नव्हतं. कुणालाही काही पडलेली नव्हती. मला फक्त ती दोन माणसं एकत्र बसायला नको होती — एकीला ठाऊक होतं आणि दुसरीचं होतं. माझं खोटं झाकायला मी देवाचं नाव पुढे केलं. प्रमिलाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ‘बरं’ म्हणाली. समोरासमोर दारं, आणि त्या दोघींमध्ये पुढे कितीतरी वर्षं ‘पाणी आलं का’ एवढंच बोलणं. परब खोली विकून बोरिवलीला गेले, तेव्हा वहिनी निरोप घ्यायला आल्या. प्रमिलाच्या गालावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलंही नाही. बरोबर केलं.

आता मुलुंडची ती चाळ नाही. तिथे टॉवर आहे आणि आम्ही मुलुंडलाच दुसरीकडे दोन खोल्यांत राहतो. प्रमिलाचं विसरणं काही वर्षांपासून सुरू आहे. आधी गॅस, मग रस्ते, मग माणसांची नावं. लेक आली की तिला ‘या, बसा’ म्हणते. पण तिचं गुणगुणणं गेलेलं नाही. भाजी निवडताना, वेणी घालताना, नुसती खिडकीशी उभी असतानाही ती गुणगुणत असते. दुपारी खुर्चीतच मान कलते आणि झोपते, लहान मुलासारखी, तोंड किंचित उघडं. उठली की म्हणते, बरं वाटलं. रोज म्हणते. रोज नव्याने तिला बरं वाटतं. कालचं काही आठवत नाही, तरी तिच्याकडे जो विसावा येतो तो घर विसरत नाही. मी समोर बसून बघतो.

मागच्या महिन्यात नवे पाळक घरी आले. तरुण आहेत, आम्हा दोघांना प्रभुभोजन द्यायला येतात. प्रार्थना झाली आणि प्रमिला एकदम त्यांना म्हणाली, “तुम्ही यांची साक्ष ऐकलीय का?”

आणि तिने ती सांगितली. पहिल्यापासून. माझ्याच शब्दांत. ‘अलगद’च्या आधी माझ्यासारखीच थांबली. लेकीचं नाव जिला आठवत नाही, तिला माझं खोटं शब्दन्‌शब्द पाठ आहे! वर तिने एक भर घातली, जी मीही कधी घातली नव्हती. म्हणाली, “बाळ गेल्यावर यांनी मला पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही. स्वतः उठायचे. असा नवरा कुणाला मिळतो?” आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला.

पाळकांचे डोळे भरून आले. काका, म्हणाले, हे तुमच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करूया. तरुण मुलांना दाखवू.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

आता ती पहाट सांगतो. जशी होती तशी. इथवर टाळली, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी आत झोपलो होतो. जाग आली ती परबवहिनींच्या आवाजाने — “गो बाय, जिती आसस मां? पाणी जिन्यार इला!” बाहेर आलो. प्रमिला मोरीत पिंपाला टेकून बसलेली, नखशिखांत ओली, आणि हसत होती. थांबतच नव्हती. काय झालं ते कळत नसताना वहिनीही तिच्याबरोबर हसत होत्या. खालचे लोक शिव्या घालत होते. दोन-तीन दारं उघडली होती. मी तिला दंडाला धरून उभी केली आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, “पोराला पुरून तीन महिने झाले नाहीत आणि दात काढतेस? लाज आहे का?”

तिचं हसू तिथेच थांबलं. वहिनींचंही. मी आत जाऊन चहा मागितला.

संध्याकाळी वाढताना तिने ते सांगितलं — गीताचं, कळशीचं. आता समजतं का, का सांगितलं? साक्ष म्हणून नव्हे. सफाई म्हणून. आपण बाळावर हसलो नाही, हे मला पटवायला ती शब्द शोधत होती आणि शोधता शोधता तिला ती कळशी सापडली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती अशी, भीत भीत, माझ्या ताटासमोर उभी राहून सांगत होती. मी म्हणालो, “बरं. भात वाढ.”

आणि काही महिन्यांनी तेच शब्द मी उभा राहून सांगितले. लोक माझ्यासाठी रडले.

पाळक येऊन गेल्यावर ठरवलं, तिला तिचं परत द्यायचं. परवा दुपारी ती मटार सोलत होती, गुणगुणत. मी समोर बसलो आणि म्हणालो, अगं, ती पाण्याची गोष्ट माझी नाही, तुझी आहे. मोरीत तू होतीस. गात होतीस तू, झोपलीस तू. वहिनींनी हाक मारली आणि तू हसत उठलीस.

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती आली. शेंग तशीच हातात.

“मी हसले?” म्हणाली. “बाळ गेलं, आणि मी हसले?”

बघितलंत? गाणं तिच्यापर्यंत पोचलं नाही. कळशी नाही, झोप नाही. मी त्या पहाटे तिच्या अंगावर जे फेकलं होतं तेवढंच आत कुठेतरी शिल्लक होतं, आणि नेमकं तेच वर आलं. “लोक काय म्हणाले असतील हो?” विचारू लागली. “तुम्ही रागावलात का?”

मी म्हणालो, “नाही गं. मीच होतो तो. माझीच साक्ष. तू झोपली होतीस.”

परवाची गोष्ट आहे ही. ऐंशी उलटलेला माणूस, सगळं खरं करायला बसलेला — आणि पुन्हा तेच बोललो. तिची दया येऊन बोललो, असं म्हणावंसं फार वाटतं. म्हणणार नाही. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो, रागावलो, आणि सगळ्यांसमोर’ असं होतं. ते तिच्या तोंडावर मला सांगता आलं नाही.

ती शांत झाली. “मग बरोबर,” म्हणाली, आणि मटार सोलू लागली. थोड्या वेळाने गुणगुणणंही परत आलं. मग म्हणाली, “तुम्ही थकलेले दिसता. पडा जरा.” मी पडलो. ती बाहेर गात होती, मला सगळं ऐकू येत होतं.

म्हणून हे तुम्हाला. तिला आता ते देता येत नाही. निदान दुसऱ्या कुणाकडे तरी ते जसं होतं तसं असावं. हे छापून आलं की एक प्रत पाळकांना देणार आहे. रेकॉर्डिंग करायचंच असेल, तर कुणीतरी हे वाचावं. जे माझ्या साक्षीने रडले त्यांतले काही अजून आहेत, त्यांनीही वाचावं. परबवहिनी आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. मी कधी चौकशी केली नाही.

त्या पहाटे मोरीत प्रमिला होती. मी आत झोपलो होतो.